माशाचा नैवेद्य

"पण बुवा, तो खात का नाही?"

बुवांनी डोळे उघडले. आधी ओजसकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पुन्हा ओजसकडे.

"कोण रे?"

"मासा."

रघुनाथबुवा म्हणजे ओजसच्या घराण्याचे गुरू. खाडीकाठच्या मठात राहतात. नवं जोडपं म्हणून सासूबाईंनी आम्हाला रत्नागिरीहून त्यांच्या पाया पडायला धाडलं होतं. काय मागायचं तेही निघताना दारात सांगितलं होतं.

माझ्या नवऱ्यानं भलतंच मागितलं. मी पदर सावरला आणि गप्प बसले. गप्प बसणं मला जमतं.

"कसला मासा?"

"एम्परर एंजल, बुवा. समुद्रातला. निळ्या अंगावर पिवळे पट्टे. डोळ्यांवर काळी पट्टी..."

"चोरासारखी?"

"राजासारखी."

"मग राजाला भूक नसेल."

"भूक कशी नसेल? पोट आत गेलंय त्याचं. डोक्यामागे खळगा पडलाय. असंच चाललं तर..."

याआधी दोन एंजल त्याच्या हातून असेच गेले होते, हे त्यानं बुवांना सांगितलं नाही. मला सांगितलं होतं. पाहण्याच्या कार्यक्रमात आम्हाला बोलायला गच्चीवर पाठवलं, तेव्हा त्यानं पहिली गोष्ट सांगितली ती हीच. मी होकार दिला त्यात त्या दोन माशांचाही वाटा होता.

"काय काय दिलंस त्याला?"

ओजस सरसावून बसला. हा प्रश्न त्याच्या हक्काचा. मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर लोक त्याला 'सर' म्हणतात. कुणाचा मासा रुसला की फोन आमच्याकडे.

"गोठवलेली कोळंबी दिली. जिवंत दिली. समुद्री शेवाळाचे कागद दिले. तिसऱ्या उघडून शिंपलीसकट ठेवल्या. आणि सगळ्याला लसणाचा रस चोळला. लसणाच्या वासानं ओढले जातात मासे."

देवासमोर कोळंबी आणि लसूण एका दमात येऊन गेले. कोपऱ्यातली समईसुद्धा जरा दचकल्यासारखी वाटली मला.

"टाकीत दुसरं कुणी त्रास देणारं?"

"कुणी नाही. एकटाच ठेवलाय. पाणी उत्तम, खारटपणा उत्तम, सगळं उत्तम."

"म्हणजे तुझं कुठे चुकत नाही."

"तेच तर म्हणतोय!"

बुवांनी मान डोलावली.

"आणि तो जेवायला बसतो तेव्हा तू कुठे असतोस?"

"समोर. काचेला नाक लावून." हे त्यानं छाती काढून सांगितलं. "टॉर्च मारतो. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घेत राहतो. आई असते, शेजारचे कर्णिककाका येतात. थोडा वेळ वाट बघतो, नाही खाल्लं की लगेच उचलतो, दुसरं टाकतो."

"आणि सूनबाई?"

"ती मागे उभी असते."



आतून ताट आलं. वरणभात, वर तूप, लिंबाची फोड, भोपळ्याचं भरीत, खीर. देवाच्या जेवणाची वेळ झाली होती.

"आज तू दाखव नैवेद्य."

ओजसनं हात धुतले. पाण्याचा चौकोन काढला, ताट ठेवलं, तुळशीचं पान ठेवलं, भोवती पाणी फिरवलं. सगळं नीट केलं. मग देवासमोर बसूनच राहिला.

"बाहेर ये."

"लगेच?"

"बाहेर ये, ओजस."

तो आला. बुवांनी गाभाऱ्याचा पडदा ओढला आणि पडद्याकडे पाठ करून बसले. आम्हीही बसलो.

शांतता... खाडीतून एक होडी फटफटत गेली. मग तीही नाही.

ओजसला इतका वेळ गप्प बसलेला मी प्रथमच पाहत होते.

"बुवा, देव खरंच जेवतो?"

"मला काय ठाऊक?"

"म्हणजे? इतकी वर्षं तुम्ही..."

"इतकी वर्षं पडदा ओढतोय. आत डोकावलो नाही कधी."

ओजस हसला. मग हळूच मागे सरकला, हात लांब केला आणि पडद्याची कड बोटभर उचलली. मी त्याचा सदरा ओढला. पण तोवर त्याचं बघून झालं होतं.

बुवांनी मान वळवली नाही.

"काय दिसलं?"

"ताट. जसंच्या तसं."

"डोकावणाऱ्याला तेवढंच दिसतं."

त्यानंतर प्रसादाची पानं मांडली. आम्ही दोघं पाटांवर, आणि बुवा स्वतः वाढायला.

"हिला वाढा, बुवा," ओजस म्हणाला. "ही काही खातच नाही. घरी आई आणि मी समोर बसून आग्रह करतो, एकेक घास बघतो, तरी चिमणीएवढं. तू घे गं, लाजू नको. अजून घे. बघा, बघा, तेवढाच घास..."

खोटं नव्हतं. सासरी पानावर बसलं की दोन जोड्या डोळे माझ्या घासाबरोबर ताटातून तोंडापर्यंत यायचे. प्रेमानंच यायचे. पण यायचे.

"ओजस, पाट फिरव."

"अं?"

"भिंतीकडे तोंड कर. आणि जेव."

गुरूंचा शब्द त्यांच्या घरात कुणी मोडत नाही. त्यानं पाट फिरवला, पान फिरवलं. ग्रुपवरचे सर भिंतीकडे तोंड करून वरणभात जेवू लागले. मागून त्यांचे कान लाल दिसत होते.

बुवांनी भाताचं पातेलं आणि वरणाचं भांडं माझ्या पानाशेजारी ठेवलं आणि ते ताक आणायला आत गेले. ताक घुसळूनच आणत होते की काय कोण जाणे. बऱ्याच वेळानं आले.

"वळू का?" भिंतीकडून आवाज आला.

"वळ."

ओजसनं पातेलं पाहिलं. मग मला पाहिलं. मग पातेलं जरा तिरकं करून तळाशी पाहिलं.

"किती खाल्लं हिनं?"

"मी मोजलं नाही," बुवा म्हणाले. "ताक घे."

परतताना ओजसनं खाडीच्या पुलाशी गाडी थांबवली आणि कोळणीकडून ताज्या तिसऱ्या घेतल्या.

घरी आल्या आल्या त्यानं टाकीतला दिवा बंद केला. एक तिसरी उघडली आणि दगडांच्या कपारीत हळूच ठेवली. मासा मागच्या कोपऱ्यात, शेपटी आमच्याकडे करून. कडेनं बघितलं तर पानासारखा पातळ.

शिंपली ठेवून झाली आणि ओजस काचेसमोर उभा राहिला. सवयीनं. हात खिशातल्या मोबाइलकडे गेला.

मी आत गेले. कपाटातून अंतरपाट काढून आणला. आमच्याच लग्नातला. माझ्या मावशीनं भरलेला, मधोमध कुंकवाच्या रंगाचं स्वस्तिक.

तो टाकीवर सोडला. पुढची काच बरोब्बर झाकली गेली.

"अगं, अंतरपाट तो! खारं पाणी लागेल त्याला!" सासूबाई धावत आल्या.

"धुता येईल, आई."

लग्न झाल्यापासून त्या घरात मी इतक्या स्पष्ट आवाजात बोललेलं ते पहिलंच वाक्य असावं. सासूबाई थांबल्या. ओजसही माझ्याकडे पाहत राहिला.

मग तो अंतरपाटासमोर हात बांधून उभा राहिला. त्या दिवशीही असाच उभा असणार. मी तेव्हा पलीकडे होते, त्यामुळे पाहिलं नव्हतं.

बेल वाजली. दारात कर्णिककाका.

"काय ओजस, खातोय का महाराजा?"

"जेवायला बसलाय," ओजस म्हणाला. "नंतर या, काका." आणि दार लावून घेतलं.

सकाळी त्यानं कापड न उचलता वरून हात घातला. शिंपली बाहेर काढली, खिडकीशी नेली. आतून धुतल्यासारखी स्वच्छ. चिकटलेला कणसुद्धा नाही.

तो काही ओरडला वगैरे नाही. शिंपली तळहातावर घेऊन नुसता उभा राहिला. मग माझ्या हातात ठेवली आणि आणखी एक तिसरी उघडायला बसला.

दुसरीही साफ झाली. तिसरीही. मग त्यानं मठात फोन लावला, स्पीकरवर.

"बुवा, खाल्लं!"

"तू बघितलंस?"

"नाही."

"मग खाल्लं असेल."

"हो ना! रोज खातोय. शिंपल्या साफ. पण बुवा, आता पडदा कधी काढू? एकदा तरी बघायला हवा. आई विचारतेय, काका विचारताहेत, ग्रुपवर तर सगळे फोटो मागताहेत. उद्या काढू? का आठवडाभर थांबू? काही नियम असेल ना?"

फोनमधून फक्त खाडीचा वारा ऐकू आला...

"पडदा कसला लावलायस?"

ओजसनं माझ्याकडे पाहिलं.

"अंतरपाट, बुवा. आमच्या लग्नातला. हिनं लावलाय."

बुवा खाकरले. हसले असावेत, पण ते मी पाहिलं नाही.

"ओजस, लग्नात अंतरपाट तू काढला होतास का?"