नगाऱ्यापुढचे तांदूळ

एका राज्यात नदी सात गावांतून चालत गेली. दार वाजवले नाही, उंबरा पाहिला नाही; चुलीवरचे चुलीवरून आणि पाळण्यातले पाळण्यातून घेऊन गेली. उरली ती माणसे टेकडीवर चढली. त्यांत राही होती. तिच्या पदराआड आठ दिवसांची लेक होती. बारसे व्हायचे होते, म्हणून लेकीला नाव नव्हते. नवरा गुरांची दावी सोडायला गेला, तो आला नाही.

राजाला कळले. राजा कनवाळू होता. निदान तसे म्हणवून घ्यायची त्याला हौस होती. नावा भरून तांदूळ आले. पोत्यापोत्यावर राजाचा मुखडा. नियम असा, की आधी नगारा वाजायचा, मग ज्याने त्याने तीनदा राजाचा जयजयकार करायचा, मग पोते घ्यायचे. लोकांनी केला. रिकाम्या पोटी जेवढा मोठा होतो तेवढा केला. पोती चुलीपाशी नेऊन सोडली, तर आत नदीतले खडे.

राहीने पोती वाटणाऱ्या कोठावळ्याला खडे दाखवले. तो म्हणाला, "निघताना तांदूळच होते, बाई. माझ्या देखत भरलेत. तुमच्या नशिबी खडे, त्याला महाराज काय करणार?"

दुसऱ्या दिवशी नावा आल्या, नगारा वाजला, आणि लोक पुन्हा रांगेत उभे राहिले. आज न जावे आणि आजच खरे तांदूळ यावेत, ही ज्याला त्याला धास्ती.

पाचव्या दिवशी राहीच्या थोरल्या जावेचा, ठमाचा, तीन वर्षांचा मुलगा भुकेने गेला. मातीत ठेवला. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर राजाचे खडे रचले. असे उतरणीला अकरा ढीग झाले.

राहीचे दूध आटत चालले. लेक ओढी, रडे, पुन्हा ओढी. गप्प झाली की राही तिच्या नाकाशी बोट धरून बसे.

तिथे खडकावर एक टिटवी होती. त्या राज्यात टिटव्या बोलत, पण कामापुरते. टिटवी म्हणाली, "राही, हे खडे नव्हेत, शाप आहे. या राजाच्या आज्याने एका भुकेल्या मांत्रिकाला भर बाजारात उभे केले, नगारा वाजवला, आणि मूठभर तांदूळ दिले. मांत्रिकाने ते तिथेच सांडले. म्हणाला, या घराण्याचा नगारा ज्या दानापुढे वाजेल, त्याचे खडे होतील."

"उतारा?"

"तीन मुठी एका भांड्यात पडाव्या. पहिली, तुझ्याहून ज्याच्यापाशी कमी त्याची. दुसरी, जिला तू डोळ्यांपुढे नकोस तिची. तिसरी खुद्द राजाच्या हातची. नगारा नाही, नाव नाही. देणाऱ्याचे नाव उच्चारले की सारे फुकट."

"असा राजा मला कुठे भेटायचा?"

"मला माझी अंडी राखता आली नाहीत," टिटवी म्हणाली, "तुला राजा कुठून आणून देऊ?" आणि उडून गेली.

राही आधी भिवा नावाड्याकडे गेली. त्याची नाव गेली होती, घर गेले होते, घरचे एकही माणूस उरले नव्हते. मुंडाशाच्या टोकाला बांधलेली मूठभर नाचणी तेवढी होती. राहीने मागितली. कशाला, हे त्याने विचारले नाही. मुंडासे सोडले आणि तिच्या पदरात झटकले.

मग ती ठमाकडे गेली. वाटणीत जाते राहीकडे आले, तेव्हापासून दोघींचे दोन वर्षे बोलणे नव्हते. ठमा लेकाच्या ढिगापाशी बसली होती.

"जाऊबाई, मूठभर धान्य असेल तर द्या."

"जाते तुझ्याकडे आणि दाणे माझ्याकडे होय? दळ की आता, काय दळतेस ते."

जाते नदीच्या तळाशी होते. राहीने पदर तसाच पसरून धरला. शेवटी ठमाने कमरेची पुरचुंडी काढली. "याच्यासाठीच लपवून ठेवले होते. आज नको, उद्या याहून वाईट दिवस येईल, म्हणून राखत बसले. उद्या आला, आणि हा नाही. घे. माझे नाव काढू नकोस." मूठ पुढे केली, पण बोटे सुटेनात. राहीने ती एकेक करून सोडवली.

इकडे राजा पूर पाहायला निघाला होता. भटांनी अक्षता उधळल्या, नगारा दणाणला, आणि पुढे नाव बुडालेल्या बाभळीच्या शेंड्यावर चढून उलटली. नगारा बुडाला, छत्र वाहून गेले. राजा केळीचा खुंट धरून दीड दिवसाने टेकडीला लागला. कोणी ओळखले नाही. पोत्यावरचा मुखडा तीस वर्षांपूर्वीचा होता. चिखलाने माखलेला एक म्हातारा कुडकुडत राहीच्या चुलीपुढे बसला.

राहीने पदराची गाठ चाचपली. या मुठी दिल्या तर तिसरी कशात मिळवायची? न दिल्या तर हा इथेच आडवा होणार. "दारी आलेल्याला उपाशी कसा ठेवू?" ती पुटपुटली.

"दार राहिलेय कुठे तुझे?" ठमा म्हणाली. पण चूल तिनेच फुंकली.

दोन्ही मुठींची पेज झाली. म्हातारा अर्धा वाडगा प्याला, तेवढ्यात लेक रडली. तो थांबला. "लेकुरवाळी आहेस. उरली ती तू पी." वाडगा देताना त्याचा हात अडखळला. त्या राज्यात दुसऱ्याचे भांडे आपले काही घातल्याशिवाय परत करीत नसत. राजाच्या आईने राजालाही तेवढे शिकवले होते. त्याने कमरेचा शेला उलगडला. घडीत अक्षता अडकल्या होत्या. मूठभर निघाल्या. त्याने त्या वाडग्यात सोडल्या.

केशरातल्या अक्षता राजवाड्याशिवाय कुठल्या? राहीने वर पाहिले. हनुवटीवरचा तीळ पोत्यावर होता तिथेच होता. ठमालाही तो दिसला. अकरा ढिगांचे सारे तिच्या ओठांवर आले. राहीने तिच्या तोंडावर हात दाबला. ठमा तळहाताला कडकडून चावली. राहीने हात काढला नाही.

"बाई, मी..." म्हातारा सवयीने सुरू झाला.

"नका सांगू, बाबा. इथे नाव सांगितले की खडे होतात."

त्याने उतरणीवरच्या ढिगांकडे पाहिले, आणि नाव तोंडातच ठेवले.

वाडग्यातली पेज एकदा हलली. टेकडीवर पोती उसवली आणि आतून तांदूळ सांडू लागले. माणसे ओरडत नव्हती; शिजायचीही वाट न पाहता बोकाणे भरत होती. चार दिवसांनी राहीला दूध फुटले.

उतरणीचे अकरा ढीगही पांढरे झाले होते. त्या तांदळांना कोणी हात लावला नाही. चिमण्याही उतरल्या नाहीत. कोठावळा तेवढा झोळी घेऊन आला. वाया जातील म्हणाला. राजाने त्याची झोळी काढून घेतली आणि तिथेच उभा राहिला.

ठमा म्हणाली, "वाजवा आता नगारा, महाराज."

त्यानंतर त्या राज्यात देताना नगारा वाजला नाही. पोती कोरी येत, आणि तांदूळ तांदूळच राहत.

राहीच्या लेकीचे बारसे झाले. नाव ठमाने कानात सांगितले. मोठ्याने सांगितले नाही.

ही कहाणी भरल्या पोटी सांगू नये. जेवायला बसण्याआधी सांगावी, आणि संपली की एक मूठ बाजूला काढावी. कोणासाठी, ते विचारू नये.