उंबरांचं भाडं

त्या राज्यात पक्षी पुष्कळ होते आणि ढोल्या थोड्या. ज्याच्याकडे ढोली होती त्याला ती जाण्याची धास्ती, आणि ज्याच्याकडे नव्हती त्याला पुढच्या पावसाळ्याची. राजाला कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याचा कायदा मात्र सगळ्यांना पाठ होता, कारण तो दोनच शब्दांचा होता. ढोलीत बाहेरून येणारं फळ एक तर ‘घरचं’ असतं, नाही तर ‘भाडं’. घरचं असेल तर त्यावर सारा नाही. पण मग ते आणणाऱ्याची ढोलीवर निम्मी मालकी बसते. भाडं असेल तर मालकी एकट्याची राहते; पण दर तिसरं फळ राजाचं. तिसरा शब्द कायद्यात नव्हता. बहुतेकांना त्याची गरजही पडत नसे.

गरज पडली ती बेहड्याच्या झाडावर राहणाऱ्या एका धनेशिणीला.

त्या राज्यातल्या जोड्या जुळल्या की टेकडीच्या कड्यावर जात आणि थोरल्यांच्या देखत एकत्र उडत. एकदा तसं उडलं की दोघं एकमेकांचे घरचे. धनेशिणीची आई तशी उडाली होती. तिची ढोली आधी निम्मी झाली, मग वडिलांनी दुसरीला आणलं तेव्हा उरलेल्या निम्म्यातही तिला जागा पुरेना. धनेशिणीचं पिल्लूपण उघड्या फांदीवर, आईच्या भिजलेल्या पंखाखाली गेलं. पुढे तिनं बेहड्यातली ढोली स्वतः शोधली, स्वतः पोखरून मोठी केली, आणि कड्यावर जायचं नाही हे तेव्हाच ठरवून टाकलं.

म्हणून एक धनेश तिच्याकडे राहायला आला तेव्हा तिनं आधीच सांगितलं, राहू एकत्र, पण कड्यावर नको. तो म्हणाला, नाही तरी कड्यावर वारा फार असतो, शेपटी विस्कटते. तिला तो तिथेच आवडला.

संध्याकाळी तो उंबरं आणायचा. सगळ्यात पिकलेलं तिच्या चोचीत द्यायचा, तिनं त्यातलं अर्धं परत त्याला द्यायचं, असं चालायचं. त्या उंबरांना काय म्हणायचं हा प्रश्न दोघांनाही पडला नव्हता.

प्रश्न पाडला तो शेजारच्या आक्कानं. आक्का ही वयानं थोरली धनेशीण, तीन ढोल्या पाहिलेली आणि दोन गमावलेली. ती एका दुपारी आली, इकडचं तिकडचं बोलली आणि जाता जाता म्हणाली की पोरगा चांगला आहे, वाईट कोण म्हणतंय, पण आज उंबरं घालतोय तो उद्या राजाच्या सुतारापुढे उभा राहून म्हणेल की इतके हंगाम मी घरचं आणलं, निम्मी ढोली माझी. तेव्हा तू काय दाखवणार?

“भाडं म्हण त्याला,” आक्का म्हणाली. “नुसता शब्द तर आहे. शब्दाला काय वजन असतं?”

धनेशिणीनं विचार केला. ती विचार करून झाल्यावर आपण नीट विचार केला का याचा पुन्हा विचार करणाऱ्यांपैकी होती. तिला धनेशचा संशय नव्हता. तिला संशय होता तो स्वतःच्या विश्वासाचा, कारण तिच्या आईचाही कुणावर तरी असाच विश्वास होता. शेवटी एकदा पंख साफ करता करता, त्याच्याकडे न बघता ती म्हणाली की तू आणतोस त्याला आपण भाडं म्हणू या. म्हणायला फक्त.

त्याला वाटलं, गंमत आहे. त्यानं डोक्यावरचं शिंग खाली झुकवलं.

“बरं, मालकीणबाई.”

दोघं खूप हसली. पुढे सगळा हंगाम ती गंमत चालली. उंबर आंबट निघालं की ती म्हणायची, भाडं थकलंय. पावसाचा थेंब आत आला की तो म्हणायचा, मालकीणबाई, छप्पर बघा जरा. खालच्या फांदीवरच्या साळुंक्या हे ऐकत असत, आणि साळुंक्यांनी ऐकलेलं आणखी कुणी ऐकायचं राहत नाही.

हंगामाच्या शेवटी सुतारपक्षी आला. राजाच्या खुणा खोडावर कोरायचं काम त्याच्याकडे होतं. तो वाईट नव्हता. मान वाकवून बोलायचा आणि कोरण्याआधी सालीवरच्या मुंग्यांना बाजूला व्हायला वेळ द्यायचा. तो म्हणाला की तुम्ही भाडं घेता असं कळलं, तर दर तिसरं उंबर बाहेरच्या खालच्या फांदीवर ठेवत जा. धनेशीण म्हणाली, अहो, ती गंमत होती. सुतार म्हणाला, असेल. मग घरचं असं कोरतो, म्हणजे सारा नाही, ढोली दोघांची. तिनं विचारलं की तो माझा आहे पण ढोली माझीच, असं नाही का कोरता येत?

सुतारानं मनापासून विचार केला असावा, कारण कोरायला उचललेली चोच त्यानं खाली घेतली.

“बाई, मला दोनच खुणा येतात,” तो म्हणाला. “हे तुमचे घरचे, की भाडेकरू?”

धनेश नुकताच येऊन फांदीवर टेकला होता. चोचीत उंबर होतं, त्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं. उंबर खाली ठेवून तो बोलू शकला असता. पण ते तिच्या चोचीत द्यायचं होतं, आणि उत्तरही तिचंच होतं. तो नुसता बघत राहिला. तिच्या पोटात तेव्हा अंडं धरलं होतं. तिला आईचा भिजलेला पंख आठवला आणि वाटलं, निम्म्या ढोलीत पिल्लू कसं वाढवायचं?

“भाडेकरू,” ती म्हणाली.

धनेशनं उंबर फांदीवर ठेवलं.

सुतारानं खूण कोरली आणि नियम समजावून सांगितले. ढोलीच्या डागडुजीला जी माती लागते ती साऱ्यातून वजा मिळते. पण भाडं चालू दरानं घेतलं तरच. तुम्ही फारच कमी घेता. एवढ्या कमीत परक्याला कुणी ढोली देतं का? म्हणजे अर्धं तरी घरचंच आहे, असं उद्या दरबार म्हणेल. भाडेकरू आहे तर भाडेकरूसारखा दिसायला हवा.

तेव्हा तिनं त्याला दर वाढवायला सांगितलं. त्यानं विचारलं, किती. तिनं सांगितलं. तो “बरं” म्हणाला. त्यापुढे मालकीणबाई म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी ढोलीच्या तोंडाशी येऊन तो थांबला आणि त्यानं विचारलं, “येऊ का?”

“असं काय विचारतोस?”

“विचारावं लागतं. साळुंक्या बघतात. न विचारता आत शिरताना दिसलो तर उद्या म्हणतील, हा घरचाच आहे. मग तुमची निम्मी जाईल.”

तो रागानं बोलत नव्हता. ती रागावलेला आवाज ओळखत होती, तो हा नव्हता. तो तिची ढोलीच राखत होता, आणि तिनं त्याला जे करायला सांगितलं होतं तेच तो नीट करत होता. फक्त ‘तुमची’ हा शब्द त्यानं साळुंक्यांसाठी वापरला की तिच्यासाठी, हे तिला कळलं नाही. तिनं विचारायचं ठरवलं, मग विचारणं बरं दिसेल का याचा विचार केला. तेवढ्यात त्या शब्दाची दोघांना सवय झाली.

अंडं घालायचे दिवस आले. त्या काळात धनेशिणी ढोलीचं तोंड आतून मातीनं लिंपून घेतात, चोच जाईल एवढीच फट ठेवतात. आत त्यांची पिसं गळतात, उडता येत नाही, आणि पिल्लू मोठं होईपर्यंत बाहेरचा जो काही जगवेल तेवढंच जगणं. एवढी मोठी गोष्ट, पण कायद्यात तिच्याबद्दल अक्षर नव्हतं. ती घरचीच धरलेली होती.

शेजारच्या झाडांवर नर माती आणत होते. धनेशनं खोडावरच्या खुणेकडे बघत सांगितलं की डागडुजी मालकानं करायची असते. मी माती आणली तर ढोलीवर माझा हक्क निघेल. तो बरोबर बोलत होता. जड झालेल्या शरीरानं तिनं ओढ्यावरून एकटीनं माती आणली आणि आत बसून तोंड लिंपत गेली. फट बारीक होत गेली तसा तो बारीक होत गेला. शेवटी दिसला तेव्हा तो बाहेरच्या डहाळीवर ताठ बसला होता, परक्या ढोलीपुढे बसावं तसा.

त्यानं एक दिवसही चुकवला नाही. वेळेवर यायचा, दरानुसार उंबरं द्यायचा, तिसरं खालच्या फांदीवर ठेवायचा. प्रत्येक उंबर घेतल्यावर तिनं आतून “पोचलं” म्हणायचं असा नियम होता; न म्हटलं तर ते भाड्यात धरलं जात नसे. ती म्हणायची. तो ऐकून निघून जायचा.

पिल्लू जन्मलं आणि उंबरं पुरेनाशी झाली. एकदा वाढवलेला दर पुन्हा वाढवायला एका हंगामाची आगाऊ सूचना लागत होती. आणि भूक लागली आहे असं भाडेकरूला कसं सांगायचं? ती आपल्या वाट्याचं पिल्लाला देऊ लागली. एकदा धनेशनं उंबर दिल्यावरही डोकं फटीजवळच ठेवलं. आतल्या चिवचिवीकडे त्याचं लक्ष असावं. ती फटीकडे सरकली.

“आत सगळं ठीक आहे ना, बाई?”

“ठीक आहे,” ती म्हणाली.

 मग पंखांचा आवाज दूर गेला. ‘बाई’ऐवजी दुसरं काही म्हणाला असता तर आपण वेगळं उत्तर दिलं असतं का, याचा तिनं पुढे पुष्कळ विचार केला. आत विचार करायला वेळ खूप होता.

शेजारच्या ढोलीत आक्काच्या नातवंडानं बोलायला सुरुवात केली होती. बाहेर पंख वाजले की ते “बा, बा” म्हणून ओरडायचं. ऐकून धनेशिणीला वाटायचं, आपणही शिकवायला हवं. पण काय शिकवायचं ते तिचं ठरत नव्हतं, आणि अलीकडे बोलायला लागणारं बळही ती जपून वापरत होती.

एका सकाळी पंख वाजले तेव्हा तिला उठून फटीपर्यंत जायला वेळ लागला. पिल्लू तिच्या आधी पोचलं. धनेशला पहिल्यांदाच ते दिसलं: शिंग न फुटलेलं डोकं, पिवळट उघडी चोच, आणि त्यामागच्या अंधारात तिचा वाळलेला खांदा.

त्यानं दराचं शेवटचं उंबर पिल्लाच्या चोचीत दिलं. मग मान मागे घेऊन गळ्यातून आणखी एक वर काढलं. ते दरातलं नव्हतं, कुणी मागितलेलंही नव्हतं. त्या सकाळच्या उंबरांतलं ते सगळ्यात पिकलेलं होतं. ते चोचीच्या टोकावर धरून तो फटीकडे झुकला.

पिल्लानं तोंडातलं गिळलं, त्याच्याकडे बघितलं आणि आयुष्यातला पहिला शब्द स्वच्छ उच्चारला.

“पोचलं.”

धनेश तसाच झुकलेला राहिला. मग त्यानं ते उंबर खालच्या फांदीवर, राजाच्या उंबरांशेजारी नीट ठेवलं, आणि उडून गेला.