बुजलेल्या बिळाचा अर्ज

विषय : बीळ बुजवल्याबाबत.
अर्जदार : चिमटी खेकडी. राहणार तळ्यात, मोठ्या दगडाखाली.
तक्रार कोणाविरुद्ध : चिलापी मासोळी. मूळची इथली नाही. कोणीतरी बादलीतून आणली आणि तळ्यात ओतली.

तर झालं असं.

चिमटी सकाळी फिरायला गेली. तिरकी तिरकी, टिकटिक टिकटिक. परत आली, तर बीळ नाही. तिथे नुसता चिखल. शेजारी चिलापी. तोंडात माती घेतेय, बाजूला थुंकतेय. फुर्र.

"हे माझं बीळ आहे," चिमटी म्हणाली.

"होतं," चिलापी म्हणाली. "आता इथे माझं घरटं. फुर्र."

चिमटीला घाई होती. तिचं कवच घट्ट झालं होतं. आज ना उद्या ते निघणार. मग अंग लोण्यासारखं मऊ. मऊ खेकडी बगळ्याला फार आवडते. म्हणून बीळ हवं. आजच हवं.

कवच वाजलं. कर्र.

चिमटी निघाली. तिरकी तिरकी, टिकटिक टिकटिक. काठावर कचेरी. कचेरीच्या पायरीवर भिवाकाका, मासे धरणारे. उघड्या पाठीने जाळं शिवत बसले होते.

"भिवाकाका, भिवाकाका,
चिलापी हलेना,
माझं बीळ उघडेना.
जाळं टाका ना."

भिवाकाका म्हणाले, "टाकलं असतं गं. पण शिक्क्याशिवाय जाळं ओलं करायचं नाही, असा नियम आहे. आत पोतनीसकाका बसलेत. त्यांना सांग."

चिमटी आत गेली. तिरकी तिरकी, टिकटिक टिकटिक. पोतनीसकाकांच्या हातात शिक्का होता. शिक्क्याने ते पाठ खाजवत होते.

"पोतनीसकाका, पोतनीसकाका,
भिवाकाका जाळं टाकेनात,
चिलापी हलेना,
माझं बीळ उघडेना.
शिक्का मारा ना."

"अर्ज लिही," पोतनीसकाका म्हणाले. चिमटीने लिहिला. तिरकाच लिहिला. काकांनी तो टेबलावरच्या दगडाखाली ठेवला.

"आता शिक्का," चिमटी म्हणाली.

"चहाआधी शिक्का? माझ्या बापजन्मात नाही. आणि चहाला दूध नाही. शेळीला सांग."

चिमटी निघाली. तिरकी तिरकी, टिकटिक टिकटिक. कचेरीमागे शेळी.

"शेळीमावशी, शेळीमावशी,
पोतनीसकाका शिक्का मारेनात,
भिवाकाका जाळं टाकेनात,
चिलापी हलेना,
माझं बीळ उघडेना.
दूध दे ना."

"पोटात पाला नाही, दूध कुठलं?" शेळी म्हणाली. "उंबराला सांग. बेंऽ."

कवच वाजलं. कर्र, कर्र.

चिमटी निघाली. तिरकी तिरकी, टिकटिक टिकटिक. तळ्याकाठी उंबर.

"उंबरदादा, उंबरदादा,
शेळीमावशी दूध देईना,
पोतनीसकाका शिक्का मारेनात,
भिवाकाका जाळं टाकेनात,
चिलापी हलेना,
माझं बीळ उघडेना.
पाला दे ना."

"गढूळ पाणी मी पीत नाही," उंबर म्हणाला. "पाणी नाही, तर पाला नाही. तळ्याला सांग."

चिमटी तळ्याशी आली. तिरकी तिरकी, टिकटिक टिकटिक.

"तळ्या, तळ्या,
उंबरदादा पाला देईना,
शेळीमावशी दूध देईना,
पोतनीसकाका शिक्का मारेनात,
भिवाकाका जाळं टाकेनात,
चिलापी हलेना,
माझं बीळ उघडेना.
निवळ ना."

"निवळतो की," तळं म्हणालं. "पण चिलापी उकरते, मी गढूळतो. आधी चिलापीला हलव."

सगळ्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून कोणीच काही करत नव्हतं.

कवच वाजलं. कर्र, कर्र, कर्र.

वर बगळा आला. त्याने मान लांब केली.

चिमटी पळाली. तिरकी तिरकी, टिकटिक टिकटिक. सरळ कचेरीत, टेबलाखाली. तिथे दोन चपला होत्या. चपलांशेजारी एक गुबगुबीत अंगठा.

चिमटीने नांगी उघडली. चिमटीने नांगी मिटली.

कच्च.

"आई गंऽऽ," पोतनीसकाका म्हणाले. काका उडाले. हातातला शिक्का उडाला. दारातून बाहेर गेला आणि भिवाकाकांच्या पाठीवर बसला. ठप्प.

"काय लागलं गं पाठीला?" भिवाकाकांनी विचारलं.

चिमटीने बाहेर येऊन वाचलं. "मंजूर."

"कागदावर नाही, पाठीवर?"

"कशावर मारायचा, ते नियमात आहे का?"

भिवाकाकांनी विचार केला. "नाही बुवा."

मग जाळं पडलं, झपाक.
चिलापी टोपलीत, धपाक.
तळं निवळलं, झुळझुळ.
उंबर प्याला, गटगट.
पाला पडला, सळसळ.
शेळीने खाल्ला, कचकच.
दूध आलं, चुळूक चुळूक.
चहा उकळला, खदखद.
पोतनीसकाका प्याले, फुर्र.

आणि चिमटीने बीळ उकरलं. आत शिरली. कर्र. कवच निघालं. बगळा बाहेर एका पायावर उभा राहिला. पाय दुखला, तेव्हा गेला.

पाचव्या दिवशी चिमटी बाहेर आली. नवं कवच, थोडी मोठी. कचेरीत गेली. तिरकी तिरकी, टिकटिक टिकटिक.

पोतनीसकाकांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.

"काका, माझ्या अर्जाचं काय झालं?"

काकांनी दगड उचलला. अर्ज पाहिला. दगड परत ठेवला.

"यावर शिक्का नाही," ते म्हणाले.

सद्यस्थिती : बीळ अर्जदाराकडे आहे. चिलापी तळ्यात नाही. अर्ज दगडाखाली आहे. त्यावर विचार चालू आहे.