पारव्याच्या गळ्यातली माती

त्या राज्यात घरे बांधत नसत, साच्यातून ओतत. साचा एकच, आणि त्यातून हवी तेवढी घरे. प्रत्येक घरासोबत साच्यातून एक पारवाही निघे. त्याला नाव नसे. गळ्यात घरच्या मातीची पुरचुंडी मात्र असे. घरचे कोणी परगावी निघाले की पारवा सोबत नेई आणि अडीअडचणीला सोडून देई. मातीच्या ओढीने तो घर गाठी.

निदान गाठायला हवे होते. पण पुरचुंडी बांधली जाई ती घर ओतण्याआधी. तेव्हा घर नसतेच, नुसती घराची जागा असते. मग पुरचुंडीत यायची ती साच्याचीच माती. सारे पारवे टेकडीपलीकडे साच्यापाशी उतरत आणि दगडावर चोच आपटत बसत.

साचा घोरपडीच्या हाती होता. एकदा चिकटली की सुटायची नाही अशी तिची जात, आणि कामातही ती तशीच. आधी तिने घर ओतल्यावर दुसरी पुरचुंडी बांधून पाहिली. दोन मातींच्या ओढाताणीत पारवे अधांतरी घिरट्या घालून मेले. लोकांनी तिला नावे ठेवली आणि आपणच तोड काढली: ज्याचे कोणी दूर असेल, त्याने साच्यापाशी मुक्काम ठोकायचा. हळूहळू चुली तिकडे गेल्या, मागोमाग बाजारही गेला.

त्यांत एक म्हातारी खार होती. तिची लेक नदीपार नांदत होती, पोटुशी होती, आणि दिवस अवघड होते. "फारच झालं तर पारवा सोडीन," असे सांगून गेली होती.

घोरपडीने अखेर साचाच फोडून नव्याने घडवला. आधी घर, मग माती. घरे पुन्हा ओतली, वाटसरूंच्या हाती नवे पारवे दूरदूर पोचवले. मग साच्यापाशी येऊन सांगू लागली, "आता घरी जाऊन बसा. पारवे घरीच येतील."

"मागच्या खेपेलाही असंच म्हणाली होतीस," खार म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मी घरी गेले आणि तो इथं आला, तर? मला एकच लेक आहे गं."

दुधाने तोंड पोळलेल्यांना काय समजावणार? घोरपडीला फार वाईट वाटले. काही दिवसांनी ती एकटीच टेकडी ओलांडून गावात गेली.

दारोदारी चौकटीवर पारवे बसले होते. एकही चुकला नव्हता. इतके बिनचूक काम तिच्या हातून आजवर झाले नव्हते. खारीच्या दाराला कडी होती. उंबऱ्यावर विष्ठेचा थर वाळून कडक झाला होता, आणि पारवा अजून दार ठोठावत होता.

घोरपडीने त्याला छातीशी धरले आणि टेकडीकडे धूम ठोकली. माथ्यावरून साचा दिसू लागला. तिथे खार मान वर करून आभाळाकडे बघत बसली होती. घोरपड तिला हाक मारणार, तोच पारव्याने अंग सोडवून घेतले आणि सरळ, जराही न चुकता, तो त्या बंद दाराकडे परत उडाला.