नवी कढई नको म्हणणारा तांबट

खूप जुनी गोष्ट आहे, बरं का! इतकी जुनी की त्या नगराचं नावही आता कोणाला आठवत नाही.

त्या नगरात भानजी नावाचा तरुण तांबट डोंगरापलीकडून आला. हातात कसब असं की त्याने घडवलेल्या हंड्यात तोंड पाहून घ्यावं. पण नगरात त्याला ओळखत होतं कोण? कुत्रंसुद्धा नाही! त्यातून तांबट आळीचा नियम मोठा कडक. नव्या माणसाला भट्टी मिळे, पण तुळशीच्या लग्नापर्यंत एकही गिऱ्हाईक आलं नाही, तर ती सोडून जावं लागे.

"काही झालं तरी परत जाणार नाही," भानजीने मनाशी ठरवलं.

मोठ्या बाजाराच्या दिवशी त्याने कंबर कसली. दिसेल त्याला गाठायचं, हात जोडायचे आणि एका दमात म्हणायचं, "मी भानजी तांबट, माझं काम उत्तम, काही लागलं तर सांगा!" समोरच्याने तोंड उघडायच्या आत हा पुढच्या माणसापाशी पोचलेला. दिवस मावळेपर्यंत शंभर माणसं झाली. घसा बसला, पण गडी खूश.

आठवडा गेला, पंधरवडा गेला. भट्टीकडे कोणी फिरकेना.

शेवटी शेजारच्या कल्हईवाल्या सखूआत्यापुढे त्याने रडगाणं गायलं, "आत्या, शंभर जणांना भेटलो हो! एकालाही माझी आठवण नसावी?"

"तुला त्यातले किती आठवतात?" आत्याने विचारलं.

भानजी बोटं मोजू लागला, पण एकही चेहरा आठवेना.

"अरे शहाण्या, हंडा घडवताना शंभर पत्र्यांवर एकेक ठोका मारतोस, की एकाच पत्र्यावर शंभर?"

भानजी खजील झाला, पण खचला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो एका वेळी एकाच माणसाकडे जाऊ लागला. निवांत बसायचा, त्याचं सुखदुःख ऐकायचा, चार दिवसांनी पुन्हा जायचा. असाच कुंभाराकडे बसला असताना त्याला कळलं, की यंदाच्या लांबलेल्या पावसात मडकी वाळत नाहीत म्हणून बिचाऱ्याचे हात कधीचे रिकामे आहेत.

मग तो हलवायाकडे गेला. हलवाई कपाळाला हात लावून बसला होता.

"काय सांगू तुम्हाला! रोज बासुंदी एका बाजूने करपते. आता नवी कढईच करून द्या."

भानजी हरखला. मिळालं की गिऱ्हाईक! त्याने कढई पालथी घालून बोटं फिरवली. कढई ठणठणीत होती. वाकडी होती ती चूल. जाळ सगळा एकाच अंगाला लागत होता. तुळशीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. नुसता गप्प राहिला असता, तरी भट्टी वाचली असती. किती मोह झाला असेल त्याला, सांगा!

"शेटजी, नवी कढई घेऊ नका," तो अखेर म्हणाला. "तीही अशीच करपवेल. चूल नवी घाला. माझ्या ओळखीचा कुंभार आहे, त्याला घेऊन येतो."

कुंभाराने चूल घातली. बासुंदी झकास झाली. हलवाई खूश, कुंभार खूश आणि भानजीची भट्टी थंडगार! तरी त्याने लोकांकडे जाणंयेणं सोडलं नाही.

तुळशीच्या लग्नाच्या सकाळी आळीचे पंच दारात आले. भानजी भरल्या डोळ्यांनी हातोडे फडक्यात बांधू लागला. एवढ्यात हलवाई धापा टाकत आला. मागोमाग राजाच्या मुदपाकखान्याचा कारभारी.

"थांबा हो पंच!" हलवाई ओरडला. "कारभाऱ्यांनी मला विचारलं, भरवशाचा तांबट कोण? मी म्हटलं, गिऱ्हाईक दारात असताना 'घेऊ नका' म्हणणारा तांबट जन्मात एकच पाहिलाय. चला, दाखवतो!"

कारभारी पुढे झाला. "आम्हाला वीस हंडे हवेत. जमतील का?"

भानजीने हातोड्यांची गाठ सोडली.

"आधी बसा," तो म्हणाला, "आणि जुन्या हंड्यांचं दुखणं काय आहे, ते मला सांगा."

पंच मुकाट्याने माघारी फिरले, आणि त्या दिवशी पेटलेली भानजीची भट्टी पुढे कधी विझली नाही.

तेव्हा लहानथोर मंडळी, ध्यानात ठेवा: जो दुसऱ्याची अडचण ऐकून घेतो आणि आपल्या फायद्याआधी ती दूर करतो, त्याचं नाव लोकच चार ठिकाणी पोचवतात.