म्हादूचं खानदानी इंग्रजी

एका गावात एक भोळा गडी होता, म्हादू त्याचं नाव. त्याची आई जनाक्का समोर असली की गाव त्याला भोळा म्हणायचं. ती नसली की सरळ खुळा म्हणायचं.

म्हादूचं लग्न तात्या खरातांच्या शेवंताशी ठरता ठरता अडलं होतं. पोरगी राजी, जनाक्का राजी. अडले होते ते तात्या. तात्या कोर्टात बेलिफ होते. निवृत्त होताना त्यांनी कचेरीच्या अडगळीतून एक जाडजूड इंग्रजी कोश उचलून आणला आणि तेव्हापासून ते गावाच्या मागे लागले. साहेबाच्या देशातही आता कुणी बोलत नाही असले मेलेले शब्द ते चावडीवर बसून सोडायचे. गाव म्हणायचं, "वा तात्या, वा!" अर्थ एकालाही कळायचा नाही. पण विचारणार कोण? विचारलं तर कळत नाही हे कळेल की!

"जावई इंग्रजी बोलणारा पाहिजे," तात्या म्हणाले. "आणि साधं इंग्रजी नको, ते हल्ली वडापाववालाही बोलतो. जुनं, खानदानी पाहिजे. साखरपुड्यापर्यंत मीच शिकवतो. शिकला तर पोरगी, नाहीतर नारळ."

त्यांनी पहिला शब्द दिला, 'हझा'. "म्हणजे आनंदी आनंद! चार माणसं जमलेली दिसली की दोन्ही हात वर करून म्हणायचं."

म्हादू घरी जाऊन शेळीसमोर घोकत बसला. भाकरी थापता थापता जनाक्कालाही तो शब्द पाठ झाला. सकाळी म्हादू बाहेर पडला तर समोरून चार माणसं आली. त्यांच्या खांद्यावर रंगोबा पवार होता, तिरडीवर.

म्हादूनं दोन्ही हात वर केले. "हझा! हझा!"

माणसं थबकली. तात्यांना अर्थ विचारायची लाज, पण खुळ्याला विचारायला कसली लाज? रंगोबाचा पुतण्या म्हणाला, "इंग्रजीत सांत्वन करतोस व्हय? म्हंजे काय रं?"

"आनंदी आनंद!"

त्यांनी तिरडी खाली ठेवली, म्हादूला बडवलं, तिरडी पुन्हा उचलली आणि पुढे गेले.

"अरे गाढवा," तात्या म्हणाले, "तिथं 'अलॅक' म्हणायचं! म्हणजे हाय हाय, घात झाला! कुणाला कापडात गुंडाळून निजवलंय, भोवती बायका जमल्यात, असं दिसलं की कपाळाला हात लावून म्हणायचं."

"आता न्हाई चुकणार," म्हादू म्हणाला आणि हाही शब्द अर्थासकट घरी जनाक्काच्या चुलीपाशी घोकत बसला. त्याला एकदा सांगितलं की तो विसरायचा नाही. तेच तर वाईट होतं.

साळुंख्यांच्या घरी गर्दी दिसली म्हणून तो आत डोकावला. कापडात गुंडाळून निजवलेलं होतं. भोवती बायका होत्या. म्हादूनं कपाळाला हात लावून असा हंबरडा फोडला की पाळण्यातलं पोर दचकून रडायला लागलं. "अलॅक! अलॅक!"

"बारशाला आलास आणि हे काय रं?" पोराच्या आजीनं विचारलं.

"हाय हाय, घात झाला!"

आजीच्या हातात घुगऱ्यांचा झारा होता. पुढचं सांगायला नको.

"अरे मठ्ठा, तिथं 'फीकंड' म्हणायचं!" तात्या ओरडले. "म्हणजे फळो, फुलो, एकाचे शंभर होवोत! घरात नवीन काही आलंय, सगळे वाकून वाकून बघतायत, तिथं म्हण."

म्हादू निघाला. सरपंच हौसेराव खाटेवर पालथे पडले होते. पाठीवर भलंथोरलं गळू आलेलं, आणि घरचे सगळे वाकून वाकून बघत होते. म्हादूही वाकला. "फीकंड!"

"औषधाचं नाव का रं?" सरपंच विव्हळले.

"न्हाई. फळो, फुलो, एकाचे शंभर होवोत!"

सरपंचांना उठता येत नव्हतं म्हणून म्हादू वाचायचा, पण त्यांच्या दोन्ही पोरांना उठता येत होतं.

साखरपुडा तोंडावर आला. तात्यांनी म्हादूचा कान पिळला. "तिथं 'अव्हॉन्ट' म्हणायचं, अव्हॉन्ट! म्हणजे चालता हो, पुन्हा तोंड दाखवू नकोस! ज्याच्यापायी माणसं विव्हळतायत, तोंडं वाकडी करतायत, उठताही येईना अन् बसवतही नाही, त्याला अव्हॉन्ट म्हणून हाकलायचं. आणि हे बघ. तू मार खातोस तो शब्दामुळं नाही, अर्थ सांगतोस म्हणून. मी इतकी वर्षं बोलतोय, मला कुणी हात लावला? यापुढं अर्थ सांगशील तर शेवंताची शपथ!"

साखरपुड्याला सगळा गाव मांडवात आला. शेवंता नटूनथटून पाटावर बसली. जनाक्कानं अंगठी बाहेर काढली. पण अंगठीआधी तात्यांनी माईक हातात घेतला आणि खानदानी इंग्रजीत भाषण सुरू केलं. जिलब्या गार झाल्या. भाषण संपेना. मंडळींची तोंडं वाकडी झाली. म्हातारे विव्हळायला लागले. कुणाला उठताही येईना आणि बसवतही नाही.

म्हादूनं सगळीकडे नीट बघितलं. अगदी सांगितल्याबरहुकूम होतं. तो उठला आणि तात्यांकडे बोट करून गरजला, "अव्हॉन्ट!"

तात्यांच्या हातातला माईक खाली आला. भाषण थांबलं म्हणून गावाला कोण आनंद! "वा म्हादू, वा! सासऱ्याच्या तोडीस तोड!" सगळा मांडव टाळ्या पिटत तात्यांकडे बघून ओरडायला लागला, "अव्हॉन्ट! अव्हॉन्ट!"

"म्हादू, अर्थ सांग यांना!" तात्या कळवळले.

"न्हाई. शेवंताची शपथ हाय."

"अहो सरपंच, तुम्हाला तरी याचा अर्थ माहीत आहे का?"

चारचौघांत असं विचारलं म्हटल्यावर सरपंच तडकले. "म्हंजे काय, तात्या? न कळायला आमी अडाणी हाय? लई दिवस मनात होतं, आज समद्या गावाच्या वतीनं बोलतो. अव्हॉन्ट!"

तात्यांनी कोश काखेत मारला, शेवंताला पाटावरून उठवलं आणि मांडवाच्या दारातून ओरडले, "लग्न मोडलं!" शेवंता रडत, मागं वळून वळून बघत गेली.

आता काय म्हणायचं? म्हादूनं पुन्हा नीट बघितलं. कापडात गुंडाळून कुणी निजवलेलं नव्हतं. नवीन काही आलेलं नव्हतं. विव्हळणं तर केव्हाच थांबलं होतं. नुसती माणसं जमली होती. हा तर पहिलाच धडा!

त्यानं दोन्ही हात वर केले. "हझा! हझा!"

"हझा!" म्हणत गाव जिलब्यांवर तुटून पडला.

जनाक्का तेवढी जागची हलली नाही. तिनं अंगठी पदराच्या गाठीला बांधली, लेकाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अलॅक," ती म्हणाली.