ओल्या चुन्याचे छत

देवाचे एक घर बांधायला तीन-तीन पिढ्या लागत आणि त्याचे कुणाला नवल वाटत नसे, त्या काळातली ही गोष्ट. पश्चिमेकडच्या एका थंड मुलखातल्या गावाने दगडाचे अवाढव्य चर्च बांधायला घेतले होते. वर जाऊन टोकाशी जुळणाऱ्या कमानी, भिंतींच्या जागी रंगीत काचांच्या उंच खिडक्या, आणि एवढ्या उंचीचा भार पेलावा म्हणून बाहेरून दिलेले दगडी टेकू. देवासाठी बांधतो असे सगळे म्हणत. खरी हौस शेजारच्या गावाला मान खाली घालायला लावायची होती.

काम एकाच घराण्याकडे होते. आजोबांनी पाया खोदला आणि ते वारले. बापाने खांब उभे केले आणि तोही वारला. नातू आता स्वतःच म्हातारा गवंडी झाला होता. त्याच्या मनाने एकच घेतले होते, की छत पुरे झालेले आपण याच डोळ्यांनी पाहायचे. बापजाद्यांना जे मिळाले नाही ते आपल्यालाच का मिळावे, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. आपल्यालाही तो कुठे पडतो म्हणा.

त्या मुलखातल्या गवंड्यांची एक रीत होती. खाली लाकडी साचा उभारून त्यावर कमान रचायची, आणि सगळे दगड बसले तरी साचा काढायचा नाही. थंडी आली की काम थांबवायचे, भिंतींच्या माथ्यावर पेंढा आणि शेण पसरायचे, आणि चुन्याला त्याचा वेळ द्यायचा. पुढच्या उन्हाळ्यात चुना दगडाशी एकजीव झाला की मगच साचा उतरवायचा. रीत कंटाळवाणी होती, पण तिने आजवर कुणाच्या डोक्यात दगड पडू दिला नव्हता.

छताचा शेवटचा दगड बसला तो थंडीच्या तोंडावर. म्हातारा तोवर अंथरुणाला खिळला होता. हा हिवाळा तो काढेल असे वैद्यालाही वाटत नव्हते. कामाचा कारभार आता त्याच्या मुलाकडे होता. म्हाताऱ्याने त्याला बोलावून साचे काढायला सांगितले.

"बाबा, चुना अजून ओला आहे," मुलगा म्हणाला. "एवढा हिवाळा जाऊ द्या."

"हिवाळा जाईल, त्याच्याबरोबर मीही जाईन. तुझ्यापुढे सगळं आयुष्य पडलंय. माझ्यापुढे एवढं एक छत आहे, आणि तेही तुझ्या फळ्यांनी झाकलंय."

मुलगा चर्चच्या बिशपकडे गेला. हा मोठा धर्मगुरू थांब म्हणाला असता तर म्हाताऱ्याचे काही चालले नसते. पण शेजारच्या गावाचे चर्च वसंतात उघडणार अशी बातमी बिशपच्या कानावर आली होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्याने मुलाला श्रद्धेवर लांबलचक प्रवचन दिले आणि मरणाऱ्या बापाची इच्छा मोडू नये असे बजावले.

मुलगा नाही म्हणू शकला असता. पण बापावर त्याची माया होती, आणि मायेपुढे त्याचे शहाणपण पांगळे झाले. साचे त्याने स्वतःच्या हातांनी उतरवले. काही झालेच तर मजुरांच्या अंगावर नको, म्हणून त्यांना त्याने बाहेर उभे केले.

छत उभे राहिले. म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून आत आणले. त्याने मान वर केली. काचांमधून आलेला लाल-निळा उजेड दगडांवर पसरला होता, आणि कमानी इतक्या उंचावर एकमेकींना भेटत होत्या की त्याचे डोळे भरून आले. तो क्षण खरोखर सुंदर होता, आणि मला राग येतो तो त्याचाच. गावाने जेवणावळी घातल्या. साच्यांची लाकडे चुलीत गेली.

म्हातारा समाधानाने मेला. गावाने चर्चच्या दारात त्याचा पुतळा बसवला.

मग कडाक्याची थंडी पडली. ओला चुना गोठला, फुगला आणि सुटू लागला. मुलाला छतात भेगा दिसल्या. त्याने चर्च बंद करण्यासाठी बिशपचे पाय धरले. पण मोठा सण तोंडावर आला होता, शेजारच्या गावचे लोक मुद्दाम बघायला येणार होते. सण होऊन जाऊ दे, मग बघू, असे उत्तर मिळाले.

सणाच्या सकाळी, प्रार्थना चालू असताना, छत खाली आले. किती घरांतून त्या दिवशी रडणे उठले, ते सांगवत नाही. त्या ढिगाऱ्यात मुलाची बायकोही होती.

गावाला आता दोष द्यायला कुणीतरी हवा होता. मुलगा सर्वांसमोर उभा राहिला आणि त्याने घडले तसे सगळे सांगितले. बिशपने शांतपणे ऐकून घेतले.

"साचे कुणी काढले?" त्याने विचारले.

"मी काढले."

"एवढंच विचारायचं होतं. तुझा बाप गेला तेव्हा छत जागेवर होतं. ते अख्ख्या गावानं पाहिलंय."

कुणी तोंड उघडले नाही. ज्यांनी जेवणावळीत दोनदा वाढून घेतले होते, तेही गप्प राहिले. मुलाची हत्यारे मोडून टाकली, त्याच्या वंशाने पुन्हा दगडाला हात लावू नये असे फर्मावले, आणि बायकोला माती देण्याआधीच त्याला वेशीबाहेर घालवले. चर्च पुन्हा कधी पुरे झाले नाही. उरलेल्या अर्ध्या भागाला फळ्या ठोकून लोक तिथेच प्रार्थना करतात. त्या गावातल्या आया आजही पोरांना सांगतात, "बापासारखा हो रे, त्या करंट्या मुलासारखा होऊ नकोस."

लहानथोरांनी एवढे ध्यानात ठेवावे: पिढ्यांच्या कामाचे फळ आपल्याच डोळ्यांनी पाहायचा हट्ट जो धरतो, तो कौतुक घेऊन निघून जातो आणि त्याची किंमत मागे राहिलेल्यांना मोजावी लागते.